सही मागे घे



तुझं पत्र पोचलं. होनोलुलूत बस्तान बसलं, मुलगा चौथीत गेला, हे वाचून समाधान वाटलं. पण पत्राच्या शेवटी जे लिहिलंस त्याबद्दल आज तुला खडसावणार आहे. मुलाच्या शाळेत हवाईयन संस्कृतीवर फार वेळ जातो, ते तास कमी करून गणिताला द्यावेत, असा अर्ज काही पालकांनी केला आणि त्यावर तूही सही ठोकलीस. वर मला विचारतोस, "बाई, बरोबर केलं ना?"

नाही. साफ चुकलास. आणि कुणाला न विचारता, काही न वाचता चुकलास, याचा राग जास्त आहे. मागच्या बाकावर बसून का होईना, माझ्याकडे इतिहास शिकलेला मुलगा तू. ज्या मातीवर संसार थाटलास तिचा इतिहास उघडून पाहायची तसदी घेतली नाहीस, आणि त्या मातीतल्या मुलांनी काय शिकू नये हे ठरवायला निघालास? आता मुकाट्यानं ऐक.

तुझं पहिलं म्हणणं असं की, ज्यांची संस्कृती त्यांनी ती आपापल्या घरी शिकवावी, शाळेवर तिचा भार कशाला? अरे, घरातून ती गेली कशी, हे कधी विचारलंस? ती शाळेनंच घालवली. कायदा करून आणि शिक्षा करून घालवली.

ती बेटं काही अडाण्यांची नव्हती. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, हे तुम्हा सगळ्यांकडून मी घोकून घेतलं होतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, माउई बेटावरच्या लाहाइनालुना शाळेतून 'का लामा हवाई' हे हवाईयन भाषेतलं वर्तमानपत्र निघालं. मिशनरी आले १८२० मध्ये. भाषा लिपीत बसली आणि माणसं भराभर वाचायला शिकली. तिसऱ्या कामेहामेहा राजानं १८४० च्या सुमारास सार्वजनिक शाळांचा कायदा केला आणि त्या शाळा हवाईयन भाषेत चालल्या. शतकाच्या मध्याला त्या चिमुकल्या राज्यातली साक्षरता जगातल्या पुढारलेल्या देशांच्या तोडीची होती. १८३४ ते १९४८ या काळात तिथे हवाईयन भाषेत शंभरावर नियतकालिकं निघाली आणि त्यांची सव्वा लाखाच्या आसपास पानं छापली गेली. ब्रिटन आणि फ्रान्सनं १८४३ मध्ये हवाईचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्या वर्षी आपल्या डोक्यावर कंपनी सरकार होतं, हे विसरू नकोस.

मग १७ जानेवारी १८९३ उजाडला. साखर आणि व्यापारात हितसंबंध गुंतलेल्या मूठभर मंडळींनी, अमेरिकी युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या आधारानं, राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. त्या कृत्याबद्दल १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं ठराव करून माफी मागितली, पण ती शंभर वर्षांनी. मधल्या काळात काय झालं ते बघ. १८९६ मध्ये नव्या राजवटीनं कायदा केला की शाळा सरकारी असो वा खासगी, शिक्षणाचं माध्यम इंग्रजीच राहील. कलम वाचायला साधं आहे. पण मूल घरून आईची भाषा घेऊन येई, आणि शाळेच्या आवारात ती ओठांवर आली की शिक्षा होई. ती मुलं मोठी झाली, आईबाप झाली. आपण सोसलं ते लेकरांच्या वाट्याला नको म्हणून त्यांनी घरातच ती भाषा मिटली. नातवंडांना आजीचं बोलणं कळेनासं झालं. १९८० च्या आसपास, नीइहाऊसारखं एखादं बेट सोडलं तर, हवाईयन सहज बोलणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. भाषेबरोबर पावसाची, वाऱ्याची शेकडो नावं आणि त्या नावांत साठवलेलं पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षणही विस्मरणात चाललं होतं.

म्हणून 'घरी शिकवा' हे शब्द पुन्हा उच्चारू नकोस. जे शाळेनं मोडलं ते शाळेनंच उभं करायचं, हा सरळ न्याय आहे. तो हवाईच्या लोकांनी भांडून मिळवला आहे. १९७८ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली. हवाईयन भाषा इंग्रजीच्या बरोबरीनं राजभाषा झाली, आणि हवाईयन संस्कृती, इतिहास व भाषा यांच्या अभ्यासाला राज्यानं चालना द्यावी, सार्वजनिक शाळांत त्याचं शिक्षण द्यावं, असं घटनेतच लिहिलं गेलं. तरी १८९६ च्या कायद्याची आडकाठी उरलीच होती. न्यूझीलंडच्या माओरींनी आपल्या भाषेत बालवाड्या काढल्या होत्या, तो धडा गिरवत काही शिक्षकांनी आणि पालकांनी १९८३ मध्ये 'आहा पुनाना लेओ' ही संस्था स्थापली. १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे पहिली बालवाडी उघडली. पालकांनी विधिमंडळाचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे १९८६ मध्ये बंदी उठली. १९८७ मध्ये हिलोच्या केआउकाहा आणि तुझ्याच ओआहू बेटावरच्या वाइआउ या दोन सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे पहिले वर्ग भरले. या वाटेनं शिकत गेलेली पहिली मुलं १९९९ मध्ये बारावी पूर्ण करून बाहेर पडली. आज हिलोच्या विद्यापीठात या विषयात पीएचडीपर्यंत शिकता येतं. आणि २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, हवाईयन माध्यमातून शिकायची वाजवी सोय करून देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे.

तुझ्या मुलाच्या वर्गातला तो तास आला तो असा. कुणा मुख्याध्यापकाची ती हौस नाही. दोन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन मिळवलेला तास तू चहाच्या घोटाबरोबर सही करून काढून टाकायला निघालास.

आता दुसरं म्हणणं. याचा पुढे उपयोग काय? 'गाणी, नाच आणि चिखलात खेळणं', असे तुझे शब्द आहेत.

चिखलापासूनच सुरुवात करू. तुझा मुलगा ज्या खाचरात उतरतो ते कालोचं, म्हणजे आपल्या अळूचं. आपण पानांचं फदफदं करतो. तिकडे कंद वाफवून, कुटून पोई करतात आणि तेच त्यांचं पिढ्यांचं मुख्य अन्न. खाचराला ओढ्याचं पाणी पाटानं आणलेलं असतं. ते गार आणि वाहतं राहिलं पाहिजे. तुंबून तापलं की कंद सडतो. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं आणि शेवटी परत ओढ्याला मिळतं, म्हणजे खालच्याचा वाटा वरच्याला गिळता येत नाही. काढणीला कंद उपटला की त्याच्या माथ्याचा काप देठासकट राखून ठेवायचा आणि तोच पुन्हा चिखलात रोवायचा. त्याला हुली म्हणतात. म्हणजे आज जेवायचं आणि त्याच हातानं पुढचं पीक लावायचं. त्यांच्या कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे कालो उगवला. दुसरं मूल हालोआ, तो माणसांचा पूर्वज. थोरल्यानं धाकट्याला पोसायचं, धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची. दहा वर्षांच्या पोराला पाण्याची वाटणी, पिकाचं शास्त्र आणि जमिनीशी असलेलं नातं एकाच सकाळी, गुडघाभर चिखलात उभं राहून कळतं. हे तू खेळ म्हणून मोडीत काढलंस.

त्या खाचरातलं पाणी पुढे समुद्राकडे जातं. डोंगरमाथ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा, बहुधा एका ओढ्याच्या आधारानं आखलेला जमिनीचा पट्टा म्हणजे आहुपुआआ. जंगल, शेत आणि समुद्र यांचा हिशेब तिथे एकत्रच होत असे. तुझ्या घरापासून फार दूर नाही, कानेओहे उपसागराच्या काठावर हेएइया इथलं जुनं मत्स्यतळं जाऊन पाहा. ८८ एकरांचं तळं, सुमारे दोन किलोमीटरची दगडी भिंत, वय सहाशे ते आठशे वर्षं. भिंतीच्या दोन बाजूंना दगड, मधे प्रवाळाची भर. ओढ्याचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी भिंतीआड मिसळतं, तिथे शेवाळ धरतं आणि शेवाळावर मासे पोसतात. दारांना लाकडी गज बसवलेले असतात. बारकी पिल्लं फटीतून आत शिरतात, आत खाऊन मोठी झाली की त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही. धरायचा तेवढाच मासा धरायचा. १९६५ च्या पुरानं ही भिंत फोडली. लोकांनी वर्षानुवर्षं हातानं दगड रचून ती पुन्हा सांधली. यात गणित नाही? जीवशास्त्र नाही? भरती-ओहोटीचं वेळापत्रक नाही? तू ज्या गणितासाठी तास मागतोस ते गणित इथे पाण्यात उभं आहे. तुला ते वहीतच हवं असेल तर दोष तुझ्या नजरेचा आहे.

आणि समुद्राचं बोलायचं तर होकुलेआचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पॉलिनेशियाची माणसं वाऱ्यानं भरकटत भरकटत बेटांवर पोचली, असं काही अभ्यासक खुशाल मांडत होते. १९७६ मध्ये होकुलेआ ही जुन्या घडणीची जोडनौका कसलंही उपकरण न वापरता, तारे, लाटा आणि पक्षी वाचत, हवाईहून सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या ताहितीला गेली. पण वाट दाखवायला सातावाल बेटावरून माउ पियाइलुग यांना बोलवावं लागलं, कारण ती विद्या जाणणारा माणूस हवाईत उरला नव्हता. काय गमावलं होतं ते यावरून ओळख. माउंनी आपली विद्या मोकळ्या हातानं दिली, नाइनोआ थॉम्पसन शिकले आणि १९८० मध्ये त्यांनी स्वतः नौका ताहितीला नेऊन परत आणली. शिकवलं तर गेलेली विद्या एका पिढीत परत येते, याचा यापेक्षा सज्जड पुरावा मला ठाऊक नाही.

गाणी आणि नाच म्हणून नाक मुरडलंस, त्याचंही उत्तर घे. लिपी नव्हती तेव्हा वंशावळ, इतिहास, कुठल्या दरीत कुठला पाऊस पडतो याची नोंद, सगळं स्तोत्रांत आणि हुला या नाचात साठवलेलं होतं. कुमुलिपो हे सृष्टीच्या उत्पत्तीचं स्तोत्र दोन हजारांवर ओळींचं आहे आणि त्यातले जीव प्रवाळापासून क्रमानं येतात. राणी लिलिउओकलानीनं त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो १८९७ मध्ये छापला गेला. हुलाच्या जाहीर सादरीकरणावर १८३० मध्ये बंदी आली होती. कालाकाउआ राजानं १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाला तो पुन्हा मानानं उभा केला. पुढे हॉटेलांनी त्याला पर्यटकांच्या जेवणापुढची करमणूक करून टाकलं. तू हुला तिथेच पाहिलास आणि तेवढ्यावर निकाल दिलास.

उपयोगाबद्दल आणखी एकच सांगते. वाइकीकीची हॉटेलं जिथे उभी आहेत तिथे कालोची खाचरं आणि मत्स्यतळी होती. १९२० च्या दशकात आला वाई कालवा खोदून ती जमीन कोरडी केली. लाहाइना ही एके काळची राजधानी. तिथेही पाणथळ जागा आणि तळी होती. ओढे उसाच्या मळ्यांकडे वळवले गेले, मळे बंद पडल्यावर रानात परकं सुकं गवत माजलं, आणि ८ ऑगस्ट २०२३ च्या वादळी वाऱ्यात पेटलेल्या आगीनं शहर गिळलं. शंभरावर माणसं गेली. शाळेतल्या तासानं ती आग विझली असती असं मी म्हणत नाही. पण पाणी कुठून कुठे जायचं आणि ते कुणी तोडलं, हे ज्या मुलांना ठाऊक असेल तीच मुलं उद्या जमिनीबद्दल शहाणे निर्णय घेतील. एवढा उपयोग पुरे झाला?

तिसरं म्हणणं सगळ्यात लाजिरवाणं आहे. 'आपण काही हवाईयन नाही.' कॉलेजात असताना, मुंबईत येणाऱ्यानं मराठी शिकलंच पाहिजे म्हणून तावातावानं भांडायचास. महाराष्ट्रानं २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा मला फोन करून आनंद सांगितलास. तो न्याय विमानात बसताना सांताक्रूझला ठेवून गेलास? चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास आपण प्रत्येक मुलाला शिकवतो. त्याचे आजोबा राजस्थानातून आले की तमिळनाडूतून, असं विचारत नाही. हवाईतही चौथीतच मूळ हवाईयन समाजाचा इतिहास शिकवतात, आणि त्या बाकांवर मळ्यांच्या कामाला आलेल्या जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज लोकांची पतवंडंही बसतात. तुझ्या मुलानं हवाईयन व्हावं असं कुणीही म्हणत नाही. घरी त्याला मराठी शिकव, ते तुझं काम आहे. पण ज्या डोंगराचं पाणी तो पितो त्याचं नाव, त्या डोंगराच्या माणसांचा इतिहास आणि तिथे वागायची रीत त्याला आलीच पाहिजे. आपली भाषा जपली जावी असं वाटणाऱ्यानं दुसऱ्याची भाषा उखडायला हातभार लावायचा, हा दुटप्पीपणा मी तुला शिकवला नव्हता.

पत्रात आणखी एक शब्द आहे, तो मी लाल शाईनं खोडला आहे. 'एक म्हातारी येऊन शिकवते.' त्यांना तिथे कुपुना म्हणतात. घटनेतच सांगितलं आहे की या शिक्षणासाठी समाजातल्या जाणकारांची मदत घ्यावी, आणि १९८० पासून अशी वडीलधारी माणसं प्राथमिक शाळांत येऊन शिकवू लागली. विचार कर. लहानपणी ज्या शाळेनं तोंड बंद केलं, त्याच शाळेच्या वर्गात म्हातारपणी मानानं बोलावणं येणं आणि समोरच्या पोरांना उच्चार शिकवणं, हे त्या पहिल्या पिढीच्या किती जणांच्या वाट्याला आलं असेल! अशा परंपरेतल्या बाईंना हिणवणारा तू कोण? उद्या शाळेत त्या भेटल्या तर वाकून नमस्कार कर. मुलाला वर्गात शिरण्याआधी परवानगी मागणारं स्तोत्र त्या म्हणायला लावतात, असं तू कुरकुरत लिहिलंस. दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकण्याआधी विचारावं, हे त्या मुलाला शिकवताहेत. त्याच्या बापानं ते शिकायचं राहून गेलं आहे.

शिकवणं कच्चं असेल तर तक्रार जरूर कर. वर्षातून एकदा कागदी फुलांचे हार, एक गाणं, फोटो, आणि झाली संस्कृती, अशी बोळवण होत असेल तर मुख्याध्यापकांपुढे उभं राहून बोल. पण त्या तक्रारीचा शेवट 'तास कमी करा' असा होत नाही. शिक्षक कमी आहेत, ते नेमा. मुलांना शेतावर न्या. १८९३ मध्ये काय घडलं ते आडपडदा न ठेवता सांगा. शिकवायचा पहिला मान ज्यांचं ते ज्ञान आहे त्यांना द्या. असा अर्ज कर, त्याला माझे आशीर्वाद आहेत.

आता सहीचं बोलते. १८९७ मध्ये हवाई अमेरिकेला जोडण्याचा करार वॉशिंग्टनमध्ये मंजुरीला गेला, तेव्हा हवाईयन संघटनांची माणसं बेटाबेटांवर फिरली आणि त्यांनी विरोधाच्या अर्जावर २१,००० हून अधिक सह्या गोळा केल्या. त्या वेळी मूळ हवाईयन लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. बायकांची पानं वेगळी, पुरुषांची वेगळी. आपल्या भाषेत शाळा शिकलेली ही माणसं होती, म्हणून आपल्या हातानं नाव लिहू शकली. त्या कराराला सेनेटमध्ये पुरेशी मतं मिळाली नाहीत. पुढे १८९८ मध्ये ठरावाची आडवाट काढून बेटं जोडून घेतलीच. ते कागद वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात पडून होते. १९९० च्या दशकात ते लोकांसमोर आले आणि माणसं त्या पानांवर आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नावं शोधू लागली. तुझ्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरातलं नाव त्यात असेल. त्या बाईनं सही केली ती आपलं राज्य आणि आपली ओळख वाचवायला. तू सही केलीस ती त्या मुलीच्या शाळेतून तिची ओळख कमी करायला. हे तिच्या आईपुढे उभं राहून सांगायची तुझी हिंमत आहे? नसेल तर ती सही त्या कागदावर राहता कामा नये.

तेव्हा काय करायचं ते सांगते. उद्या शाळेत जाऊन सही लेखी मागे घे. बरोबरच्या पालकांना हा इतिहास सांग. त्यांनाही तो ठाऊक नसणार. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन खाचरात नाहीतर तळ्यावर कामाला जा, पँट दुमडून उतर आणि तिथली माणसं सांगतील तसं काम कर. राणी लिलिउओकलानीनं १८९८ मध्ये स्वतः लिहिलेलं हवाईच्या इतिहासाचं पुस्तक मिळवून वाच. ज्या रस्त्यावर राहतोस त्याचं नाव नीट उच्चारायला मुलाकडून शिक.

हे सगळं झालं की मला पत्र लिही. त्याआधी लिहू नकोस, आणि सबबी तर मुळीच लिहू नकोस.

तुझ्या,
इतिहासाच्या बाई